पासबुक सापडले, बँक मात्र राहिली नाही

रमजान तोंडावर आला की मुस्लिम घरांत साफसफाई निघते. शबे-बरात झाली की ट्रंका अंगणात येतात, गोधड्या उन्हात पडतात, फळीवरची भांडी खाली उतरतात. शेजारच्या हिंदू घरात हेच काम घटस्थापनेच्या आधी झालेले असते. सण वेगळे असले तरी ट्रंकेच्या तळाशी निघणाऱ्या वस्तू मात्र सारख्याच असतात. फाटके रेशनकार्ड, सातबाऱ्याचा पिवळा उतारा, कुणाच्या तरी शाळेचा दाखला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोऱ्याने बांधलेले एखादे पासबुक.

समजा, बीड तालुक्यातल्या लिंबागणेशमध्ये एखाद्या घरी असे पासबुक निघाले. वडील जाऊन बरीच वर्षे झालेली. खाते बीडच्या शाखेतले, शेवटची नोंद 2003 सालची, शिल्लक काही हजार. मुलगा कव्हरवरचे नाव वाचतो, ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’. आता त्या नावाची पाटी बीडमध्येच काय, देशात कुठेच नाही. अशा वेळी बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘जाऊ दे, बुडाले ते.’ पासबुक परत पिशवीत जाते किंवा रद्दीत.

ते पैसे बुडालेले नसतात. बँक बुडणे वेगळे आणि बँक दुसऱ्या बँकेत विलीन होणे वेगळे, हे गावोगाव सांगण्याची गरज आहे, आणि मराठवाड्यात तर जास्तच. या भागातल्या बँकांची नावे जितकी बदलली, तितकी क्वचितच कुठे बदलली असतील. निजाम सरकारने 1941मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन केली. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि सप्टेंबर 1948पर्यंत राहिला. 1956मध्ये बँक रिझर्व्ह बँकेकडे आली, तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले. 1959मध्ये ती भारतीय स्टेट बँकेची उपकंपनी बनली आणि 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेतच विलीन झाली. म्हणजे 2003च्या त्या पासबुकाचा वारसा आज स्टेट बँकेकडे आहे. तीच गत मराठवाडा ग्रामीण बँकेची. 2009मध्ये ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेचा भाग झाली, आणि 1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँकही त्याच छत्राखाली आली. कव्हरवरचे नाव गेले म्हणून ठेवीदाराचा हक्क जात नाही. जी बँक आज त्या जागी आहे तिने जुने देणे चुकवायचे असते.

यात एक गल्लत मात्र बीड जिल्ह्याने तरी करू नये. मल्टिस्टेट पतसंस्था आणि बँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्ह्यात ज्यांच्या ठेवी मल्टिस्टेटमध्ये अडकल्या, त्यांची लढाई पोलीस, न्यायालय आणि अवसायक यांच्या दारात आहे. त्या ठेवी विसरलेल्या नाहीत, त्या आठवून आठवून माणसांची झोप उडाली आहे. इथे विषय आहे तो रिझर्व्ह बँकेच्या नियमाखाली असलेल्या बँकांतल्या, मालकाच्या ध्यानातून गेलेल्या पैशांचा.

बचत खात्यात ग्राहकाने दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही तर बँक ते खाते निष्क्रिय धरते. दहा वर्षे तसेच राहिले तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ‘ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी’त जाते. हा निधी 2014मध्ये सुरू झाला. पैसे तिकडे गेले तरी मागायचे मात्र मूळ बँकेकडेच. बँक ग्राहकाला रक्कम देते आणि नंतर निधीतून भरून घेते. मागायला मुदत नाही. वीस वर्षांनी गेले तरी हक्क तोच. बचत खात्यासारख्या व्याजी ठेवीवर निधीत असतानाही व्याज मिळते. जून 2018पर्यंत 4 टक्के, त्यानंतर 10 मे 2021पर्यंत साडेतीन आणि पुढे 3 टक्के असा त्याचा दर राहिला आहे. खाते पुन्हा चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही आणि निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावू शकत नाही. 1 एप्रिल 2024पासून हे नियम स्पष्ट शब्दांत लागू आहेत.

मग असे पैसे किती? एप्रिल 2023मध्ये लोकसभेत मराठवाड्याचेच डॉ. भागवत कराड यांनी अर्थ राज्यमंत्री म्हणून लेखी उत्तर दिले होते. सरकारी बँकांनी फेब्रुवारी 2023अखेर सुमारे 35 हजार 12 कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केले होते, आणि ही रक्कम 10 कोटी 24 लाख खात्यांमधली होती. सगळ्या बँका मिळून हा आकडा मार्च 2024अखेर 78 हजार 213 कोटींवर गेला.

पस्तीस हजार कोटी ऐकले की डोळ्यांपुढे धनदांडगे येतात. भागाकार करून पाहिला तर चित्र उलटे होते. खात्यामागे सरासरी रक्कम निघते साधारण 3 हजार 400 रुपये. सरासरीत काही लाखोंची खातीही मिसळलेली असणार, म्हणजे कित्येक खात्यांत त्याहूनही कमी असेल. हे सावकाराचे किंवा कारखानदाराचे पैसे नव्हेत. रोजगार हमीच्या मजुरीसाठी काढलेले खाते, शिष्यवृत्तीसाठी काढलेले खाते, निराधार योजनेचे, गॅसच्या अनुदानाचे खाते. दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला माणूस गावातल्या खात्याकडे सहा महिने फिरकत नाही. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली की तिचे शाळेतले खाते तिथेच राहते. मोबाइल नंबर बदलतो. म्हातारी वारते आणि तिचे खाते होते हे फक्त तिलाच माहीत असते. कुणी हलगर्जीपणा केला असे यात फारसे कुठे दिसत नाही. माणसे पोटामागे हलली आणि खाती जागेवर राहिली.

मोठ्या माणसांचे पैसे असे हरवत नाहीत, याचे उदाहरण याच भूमीच्या इतिहासात आहे. सप्टेंबर 1948मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होत असताना सातव्या निजामाच्या सरकारचे दहा लाख पौंडांहून थोडे अधिक पैसे लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या खात्यात वळवले गेले. काही दिवसांतच निजामाने ते परत मागितले. बँकेला प्रश्न पडला की हे पैसे नेमके कुणाचे. 1957मध्ये प्रकरण ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, तरी पैसे गोठलेलेच राहिले. अखेर 2 ऑक्टोबर 2019 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. पैसे पाकिस्तानचे नव्हेत, निजामाचे दोन नातू आणि भारत सरकार यांचे. तोवर दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. निकालानंतर निजामाच्या इतर वंशजांनीही आपला हिस्सा मागितला, हे ओघाने आलेच. वारसांचे भांडण राजवाड्यातही असते आणि पत्र्याच्या घरातही.

एकाहत्तर वर्षांनंतर ते पैसे मिळाले, कारण मागे दोन देश आणि वकिलांच्या फौजा होत्या. त्याच निजामाच्या राज्यातल्या बँकेत एखाद्या शेतमजुराने ठेवलेल्या तीन हजारांसाठी मात्र कुणी खटला लढणार नाही. वकिलाची पहिली फीच त्याहून जास्त असेल. तिथे व्यवस्थेनेच पुढे येऊन ‘घे बाबा, हे तुझे’ असे म्हणायला हवे.

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1 जून 2023पासून शंभर दिवसांची मोहीम झाली. प्रत्येक बँकेने प्रत्येक जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या शंभर बेवारस ठेवींचे मालक शोधायचे, अशी ती मोहीम होती. 17 ऑगस्ट 2023 रोजी ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू झाले. आधी सात बँका, मार्च 2024पर्यंत तीस. मोबाइल नंबरने नोंदणी करायची, खातेदाराचे नाव आणि बँक टाकायची, सोबत पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक. माहिती जुळली तर एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो घेऊन शाखेत जायचे. ऑक्टोबर 2025मध्ये केंद्र सरकारने ‘आपकी पूंजी, आपका अधिकार’ नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे सुरू केली. त्याच महिन्यापासून, जी बँक अशी रक्कम मालकाला परत करील तिला रिझर्व्ह बँकेकडून प्रोत्साहनपर रक्कम देण्याची वर्षभराची योजनाही आहे. दुसऱ्याची ठेव परत करण्यासाठी बक्षीस द्यावे लागते हे जरा चमत्कारिकच, पण काम होत असेल तर तेही चालेल.

पण शंभर दिवसांच्या मोहिमेत ‘सर्वांत मोठ्या शंभर’ ठेवी होत्या. सर्वांत लहान दहा हजारांचे काय? आणि ‘उद्गम’वरच्या तीस बँका मुख्यतः राष्ट्रीयीकृत, खासगी आणि परदेशी आहेत. खेड्यातल्या माणसाचे खाते बहुधा ग्रामीण बँकेत, जिल्हा बँकेत किंवा पोस्टात असते. पोस्टाची बचत तर या संकेतस्थळाच्या कक्षेतच नाही. असे पासबुक असेल तर थेट शाखेत किंवा पोस्टातच जावे लागते.

आणि नावांचा घोळ? मराठवाड्यातल्या मुसलमानाचे नाव सरकारी कागदावर बहुधा ‘शेख अमुक शेख तमुक’ असे लिहिले जाते. इंग्रजीत शेखची स्पेलिंगे तीन-चार. फातिमा, फातेमा, फातमा ही एकच बाई. एका कागदावर तिच्या नावापुढे ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’, तिसऱ्यावर दोन्ही नाही. घरात नाव उर्दूत उच्चारले गेले, शाळेत मराठीत लिहिले गेले, बँकेत कारकुनाने कानाला पडले तसे इंग्रजीत टाकले. तीन लिप्यांतून गेलेले नाव यंत्राला तसेच्या तसे कसे सापडणार? हिंदू घरांचे तरी कुठे सोपे आहे? ‘बाई’ लावायचे की नाही, माहेरचे नाव की सासरचे, वाघमारे इंग्रजीत लिहिताना शेवटी एक ‘ई’ की वेगळे काही, आणि गावाचे नाव लिंबागणेश जोडून की लिंबा गणेश तोडून. शिवाय त्या काळी खाते उघडताना पॅन बहुतेकांकडे नव्हते आणि जन्मतारीख सर्रास 1 जून लिहिलेली असे. ज्याला शोधायचे आहे त्याच्याकडेच शोधाचे सगळे ओझे टाकले की असे होते.

इस्लामी कायद्यात सापडलेल्या वस्तूसाठी ‘लुकता’ नावाचे वेगळे प्रकरण आहे. वाटेत कुणाची थैली सापडली तर ती खिशात घालता येत नाही. सापडलेल्याने पुकारा करायचा, मालक शोधायचा. आणि हा पुकारा कुठे करायचा हेही फिक्हच्या ग्रंथांनी सांगून ठेवले आहे. माणसे जिथे जमतात तिथे, म्हणजे बाजारात आणि मशिदीच्या दारात. सर्वसाधारण मुदत एक वर्षाची. नंतर वस्तू खर्चून टाकली किंवा दान केली, आणि मालक पुढे आलाच, तर त्याचा हक्क उरतोच. रिझर्व्ह बँकेच्या निधीचे तत्त्व याहून फार दूर नाही. तिथेही मालक केव्हाही आला तरी त्याचे त्याला मिळते. फरक पुकाऱ्यात आहे. बँका आपली यादी संकेतस्थळावर टाकतात. ती इंग्रजीत असते आणि ती तिथे आहे हेच गावाला माहीत नसते. हा पुकारा बंद खोलीत केल्यासारखा आहे.

लिंबागणेशच्या भालचंद्र गणेशाला चतुर्थीला माणसे येतात. रमजानच्या जुम्याला मशिदीबाहेर उभे राहायला जागा नसते. ग्रामसभा असते, रेशनच्या दुकानापुढे रांग असते. शाखेने गावनिहाय यादी मराठीत छापावी, फक्त नाव आणि गाव, रक्कम नाही, आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर, मंदिराच्या आवारात, मशिदीच्या दाराशी लावावी. रक्कम जाहीर केली तर उपद्रवी माणसे मागे लागतील, म्हणून ती गुप्तच ठेवावी. पण नाव वाचून निदान शेजारीण तरी म्हणेल, ‘अगं, ही तर आपली करीमाची आजी!’ यंत्राला जे नाव तीन स्पेलिंगांत सापडत नाही ते गावाला एका हाकेत सापडते. यासाठी नवा कायदा लागणार नाही. शाखाधिकारी, सरपंच, पुजारी आणि पेशइमाम यांचे एका दुपारचे काम आहे.

रमजानमध्ये आणखी एक प्रश्न हमखास निघतो. अनेक जण जकातीचा हिशेब याच महिन्यात करतात. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी रक्कम गरजा भागवून वर्षभर जवळ असेल तर तिचा चाळिसावा हिस्सा गरिबाला द्यायचा. हे वर्ष चंद्राचे, साधारण 354 दिवसांचे. मग वीस वर्षांनी सापडलेल्या पैशावर वीस वर्षांची जकात द्यायची का?

जुन्या फकीहांनी या प्रश्नावर कीस पाडला आहे. जो माल मालकाच्या हाताबाहेर गेला आणि परत मिळण्याची आशा नाही त्याला हनफी ग्रंथांत ‘जिमार’ म्हणतात. असा माल पुढे सापडला तर मधल्या वर्षांची जकात नाही. समुद्रात पडलेली वस्तू, रानात पुरून जागा विसरलेले धन ही त्याची उदाहरणे. पण धन स्वतःच्या घरात पुरले आणि जागा विसरली तर सूट नाही, कारण घर खणून काढता येते. शेतात किंवा बागेत पुरले असेल तर? तिथे विद्वानांत मतभेद आहेत. बांधापासून बांधापर्यंत एकर दीड एकर खणणे शेतकऱ्याला शक्य आहे की नाही, यावर कुणीतरी खरोखर डोके खाजवले असणार! कुणाकडे ठेव ठेवली आणि कुणाकडे ते विसरले, तर आणखी बारीक भेद आहे. तो माणूस ओळखीतला असेल तर जकात लागू, अनोळखी असेल तर नाही.

आता बँक ही ओळखीची की अनोळखी? पासबुक ट्रंकेत असेल, शाखा बीडला असेल आणि माणूस तिथे गेलाच नसेल, तर ती घरात पुरलेल्या धनासारखी दिसते. खात्याचा मागमूसच नव्हता, बँकेचे नावही गेले होते, तर ती रानासारखी. निवाडा ज्याने त्याने आपल्या मुफ्तींना विचारून करावा, कारण मसलक बदलला की उत्तर बदलते. कोकणातले मुसलमान शाफई आहेत, त्यांच्याकडे हरवलेला माल हाती आल्यावर मागच्या वर्षांचीही जकात निघते. वारसाच्या हाती आलेल्या रकमेचा त्याच्यापुरता हिशेब मात्र त्याच्या ताब्यापासून सुरू होतो, असे हनफी उलेमा सांगतात. व्याजाचा भाग बहुतेक धार्मिक घरे वेगळी काढतात आणि पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकतात. त्यातून जकात फिटत नाही. काही बुजुर्ग ते व्याज बँकेतच सोडून देत. आजचे बरेच मुफ्ती सांगतात की सोडू नका, काढा आणि गरिबाच्या कामी लावा.

इथवरचा हिशेब सोपा म्हणावा असा पुढचा भाग आहे, आणि तो हिंदू-मुसलमान दोघांच्या घरात सारखाच अवघड आहे.

वडिलांचे खाते सापडले. पासबुकावर वारस म्हणून, म्हणजे नॉमिनी म्हणून, थोरल्या मुलाचे नाव आहे. मुलाला वाटते पैसे आपले झाले. तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010मध्ये बँक ठेवीच्या खटल्यात सांगितले आहे की नॉमिनीला पैसे घेण्याचा अधिकार आहे, मालकी मात्र वारसा कायद्याने ज्यांची ठरेल त्यांची. नॉमिनी हा पैसे पोहोचवणारा हात. उर्दूत ज्याला अमीन म्हणतात, तो. आता 1 नोव्हेंबर 2025पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. सोय चांगली आहे, पण चार झाले तरी ते हातच.

नॉमिनी नसेल तर? रिझर्व्ह बँकेच्या 2025च्या नियमांनुसार 15 लाखांपर्यंतच्या रकमेसाठी, सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत, न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र मागू नये. अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्र, हमीपत्र आणि वारस कोण हे सांगणारे कागद पुरे. कागद पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांत निकाल लावायचा, बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई. गरीब माणसासाठी ही मोठीच सुटका. पण त्या कागदांत एक कागद असतो. जे वारस स्वतः पैसे मागत नाहीत त्यांनी ‘आमची हरकत नाही’ असे लिहून द्यायचे. हा कागद कुणाकडे जातो हे सांगायला नको. तो बहिणीकडे जातो.

भाऊ येतो, चहा होतो, ‘बाजी, इथे सही कर, बँकेचे काम आहे.’ किती रक्कम, कसली, काही नाही. शेजारच्या घरी हाच प्रसंग भाऊबीजेच्या आसपास घडतो आणि कागदाचे नाव हक्कसोडपत्र असते. बहीण सही करते, कारण माहेर तुटायला नको.

कुरआनच्या चौथ्या सूरेत मुलींचा हिस्सा नावानिशी ठरवून दिला आहे. व्याज बाजूला काढून, आणि दफनाचा खर्च, कर्ज, विधवेचा न दिलेला मेहर भागवून 48 हजार रुपये उरले, असे धरू. मागे विधवा, एक मुलगा, दोन मुली. विधवेला आठवा हिस्सा म्हणजे 6 हजार. उरलेल्या 42 हजारांत मुलाला 21 हजार आणि प्रत्येक मुलीला साडेदहा हजार. तेच घर हिंदू असेल आणि मृत्युपत्र नसेल तर 1956च्या कायद्याने विधवा, मुलगा, दोन मुली, चौघांना 12-12 हजार. मेहर हे नवऱ्याच्या अंगावरचे कर्ज आहे आणि ते वाटणीच्या आधी फेडायचे असते, हे किती घरांत लक्षात राहते? ट्रंकेतून पासबुक निघते तसा कधी कधी निकाहनामाही निघतो. त्यावर आकडा लिहिलेला असतो.

रोजाच्या महिन्यात चाळिसावा हिस्सा काटेकोर मोजणारा माणूस बहिणीच्या साडेदहा हजारांबद्दल मोघम राहतो, हे विचित्र आहे. परक्या गरिबाला द्यायचे पैसे मोजताना गणकयंत्र बाहेर येते. बहिणीचा हिस्सा निघाला की ‘आपल्या आपल्यात कसला हिशेब’ असे होते. जी रक्कम आपली नाही तिची जकात काढून ती आपली होत नाही. बहिणीला खरेच नको असेल तर ती सोडू शकते, तो तिचा अधिकार आहे. पण आधी तिला आकडा कळला पाहिजे. शक्य तर पैसे तिच्या हातात पडले पाहिजेत. मग तिने भावाला परत दिले तर ती भेट. न सांगता घेतलेल्या सहीला भेट म्हणता येत नाही.

बँकांनीही यात एक छोटी दुरुस्ती करावी. त्या ना-हरकतीच्या कागदावर एकूण रक्कम मराठी अक्षरांत लिहावी आणि सही करणाऱ्या वारसाला फोन करून ‘हा आकडा तुम्हाला माहीत आहे का’ एवढे विचारावे. फोनवर दोन मिनिटे लागतील.

फोनवरून आठवले, या विषयात आता भामटेही शिरतात. ‘तुमच्या वडिलांचे पैसे सापडलेत, ओटीपी सांगा, प्रोसेसिंग फी भरा’ असा कॉल आला तर तो फसवणुकीचा समजावा. रिझर्व्ह बँक कुणाला असा फोन करत नाही, आणि कामाला फी नसते. आपणहून शाखेत जावे. खातेदार हयात असेल आणि नुसते खाते निष्क्रिय असेल तर केवायसीसाठी मूळ शाखाच गाठायची गरज नाही, त्याच बँकेची कोणतीही शाखा चालते. 2025च्या बदलानंतर गावातल्या बँक मित्राकडूनही काही काम होऊ शकते. ऊसतोडीला गेलेल्यांसाठी हे विशेष सोयीचे, कारण त्यांना तिथल्याच शाखेत जाता येते.

लिंबागणेशहून ईदच्या खरेदीसाठी माणसे बीडला जातातच. कपडे, शेवया, चपला घ्यायच्या त्याच फेरीत पिशवीत ते जुने पासबुक, आधार आणि असेल तर मृत्यू दाखला टाकावा. मात्र दुकानांच्या आधी बँक, कारण रमजानमध्ये दुपारनंतर पाय उचलत नाहीत आणि काउंटर लवकर बंद होतो. आणि जमले तर सोबत एखादी बहीण न्यावी. पासबुक छापून आले की शेवटची ओळ तिलाही वाचता येईल.